सात नंबरचा ढीग

बुधवारी दुपारी मी सात नंबरच्या ढिगाला पास केलं, आणि ते लक्षात ठेवण्यासारखं मला काही वाटलं नाही.

आमची कंपनी ओमानमधल्या इब्रीच्या पूर्वेला रस्ता रुंद करत होती. रस्त्याला खडी लागते, खडीला दगड लागतो, आणि दगड चालेल की नाही हे सांगायला मी लागतो. चिपळूणला भूशास्त्रात बी.एस्सी. करून आदल्या ऑगस्टमध्ये, म्हणजे दोन हजार तेरामध्ये, मी कॅम्पच्या लॅबमध्ये रुजू झालो होतो. खाणीची परवानगी रखडल्यामुळे मशिनरी सांभाळणाऱ्या हिलरीने उपग्रहाच्या फोटोवर माळावरचे दगडांचे ढीग शोधले आणि त्यांना एक ते अकरा नंबर दिले. हिलरी वसईचा, वीस वर्षं ओमानमध्ये. त्याची माणसं प्रत्येक ढिगातली एकेक गोणी माझ्या दारात आणून टाकत. दगड फोडायचे, लोखंडी पिंपात पोलादी गोळ्यांबरोबर घालायचे, पिंप पाचशे फेरे फिरवायचं आणि किती भुकटी झाली ते बघायचं. तीस टक्क्यांपर्यंत चालते. सात नंबरची सतराच टक्के झाली.

मी इतका खूश झालो की शेऱ्याच्या रकान्यात, जिथे सहसा कुणी काही लिहीत नाही, तिथे लिहिलं: 'दगड टणक. जाडी एकसारखी, अठरा ते बावीस सेंटिमीटर. कडा सरळ. निवडून ठेवल्यासारखा माल.' फॉर्म हिलरीकडे गेला. शनिवारी सकाळी सहाला लोडर सात नंबरवर जाणार, असं बोर्डावर लागलं.

मधल्या शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, आम्ही तिघं इब्रीजवळच्या अल् ऐनला जुनी थडगी बघायला गेलो.

पिकअप अबू रीमची होती. अबू रीम म्हणजे रीमचे वडील. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या यादीत होतं. ते आमचे सर्व्हेयर. गाव दैर अझ-झोर, सीरियातलं, फुरात, म्हणजे युफ्रेटिस, नदीच्या काठचं. तिथल्या तांत्रिक शाळेत ते मोजणी शिकवायचे, आणि वसंतात दर शुक्रवारी विद्यार्थी आणि रीम यांना मिनीबसमध्ये कोंबून कुठल्या तरी पडक्या जागी न्यायचे. नदीच्या वरच्या अंगाला हलबिया, डोंगरावरून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या तटांचं. खालच्या अंगाला रहबाचा किल्ला, मग दुरा, कड्यावर बसलेलं, आणि शेवटी मारी. हे सगळं ते गाडी चालवताना सांगायचे, स्टेशनं सांगावीत तसं, किलोमीटरसकट. गावातला झुलता पूल गेल्या वर्षी लढाईत पडला, हे मात्र त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं आणि पुन्हा विचारायची माझी छाती झाली नव्हती.

मागच्या सीटवर तानाजीकाका. देवरुखकडचे, पिढीजात गवंडी. वादीचं, म्हणजे एरवी कोरड्या नदीचं, पाणी रस्त्याला खाऊ नये म्हणून उताराला जी दगडी फरसबंदी करतात, तिचे ते फोरमन होते. सुटीच्या दिवशीही त्यांच्या पिशवीत ओळंबा आणि लाइनदोरी असायची. कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, तुझ्या खिशात मोबाइल कशाला?

अबू रीमनी वाटेत आम्हाला मारीच्या राजवाड्याची गोष्ट सांगितली, इंग्रजीत; काकांसाठी मी नेहमीसारखं मराठीत करत होतो. तिथे मातीच्या हजारो पाट्या सापडल्या, राजाला आलेली पत्रं. एका अधिकाऱ्याने कळवलं होतं की एका घराच्या माळ्यावर सिंह शिरलाय, काय करू? उत्तर येईना, मग त्याने सिंहाला लाकडी पिंजऱ्यात घालून होडीने राजाकडे रवाना केलं. तानाजीकाकांना ही गोष्ट फार आवडली. त्यांचं म्हणणं, हेड ऑफिस तेव्हापासून असंच आहे.

अल् ऐनला पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. मिश्त डोंगर, कंगव्यासारखा दातेरी, सगळा उन्हात उजळलेला. त्याच्यापुढे एक बुटकी धार, आणि धारेवर ओळीने उभी दगडी घुमटं. मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यांसारखी. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीची थडगी. मी फोटो पाहिले होते. पण फोटोत आकार कळत नाही, आणि ती अशी एका रांगेत आकाशाला टेकून बसलीत हेही कळत नाही. मी धावतच सुटलो.

अबू रीमनी मागून कॉलर धरली. त्यांचा एक नियम होता, शाळेतल्या मुलांसाठी केलेला. पडक्या जागेची पहिली फेरी बाहेरून मारायची, पूर्ण, तोंड बंद ठेवून. हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही. मग बसून काहीतरी खायचं. मग जे पाहिलं ते एकमेकांना सांगायचं. त्यानंतर वाटेल ते. जो पहिल्या फेरीत बोलेल त्याने मिनीबस धुवायची.

आम्ही फिरलो. वीस-पंचवीस मिनिटं तीन माणसं गप्प. न बोलायचं ठरलं की डोळे जास्त काम करतात, हे मला प्रयोगाने पटलं. दारं सगळी एकाच अंगाला, उगवतीकडे. दोन थडग्यांची दारं अजून शाबूत, वर तिकोनी. बाहेरच्या दगडांवर तपकिरी-काळी झिलई. वाळवंटात उघड्या पडलेल्या दगडावर ती हजारो वर्षांत चढते. भिंतीतला प्रत्येक दगड जवळपास एका जाडीचा.

मग धारेच्या टोकाला बसून चपाती आणि जैतुनाची फळं. पहिले बोलले तानाजीकाका, आणि थांबेचनात. ही माणसं गवंडी होती, हमाल नव्हती, असं त्यांचं मत पडलं. चुना नाही, माती नाही, नुसता गडगा. आपल्याकडे कुंपणाला घालतात तसा, पण दुहेरी. बाहेरची भिंत वेगळी, आतली वेगळी, मध्ये भर. प्रत्येक थर खालच्यापेक्षा दोन बोटं आत घेतलेला, म्हणून वर आपोआप मिटतं. तिसऱ्या थडग्याच्या डाव्या अंगाला मात्र कुणी शिकाऊ होता, तिथे सांध्यावर सांधा आलाय. पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला त्यांनी नापास करून टाकलं.

"आन् दगड बगितलास? वीताएवडा, सगळा एका जाडीचा. ढिगातनं उचललेला न्हाय त्यो. निवडून ठेवलेला माल हाय."

हे माझेच शब्द होते, बुधवारच्या शेऱ्यातले.

मी उठलो, पडलेल्या एका थडग्याजवळ गेलो आणि खिशातली पट्टी काढली. एकोणीस सेंटिमीटर. वीस. अठरा. एकवीस. चुनखडी, तीच, सरळ कडांची. हा दगड माझ्या हाताच्या ओळखीचा होता. बुधवारी मी असलेच तीन हातोडीने फोडले होते.

मी दोघांना सगळं सांगितलं. शेऱ्यासकट. अबू रीमनी आधी मोठ्याने हसून घेतलं. मग विचारलं, लोडर किती वाजता? उद्या सहाला, मी म्हणालो. आणि हिलरीचा नियम सगळ्यांना माहीत होता: लॅबने पास केलेला माल लॅबच फिरवू शकते, तेही कागदावर, कारणासकट. म्हणजे तो ढीग खरोखर थडगं असेल तर उद्या माझ्या सहीने त्याची खडी होणार होती. आणि नसेल तर सोमवारपर्यंत मी कॅम्पचा विनोद होणार होतो.

"यल्ला, चला," अबू रीम म्हणाले. उरलेली जैतुनं तानाजीकाकांनी चालत्या गाडीत संपवली.

सात नंबर कॅम्पपासून पंधरा किलोमीटरवर, वादीच्या वरच्या सपाट माळावर होता. मी स्वतः तिथे कधी गेलोच नव्हतो. गोणी आली, मी पास केली. लांबून तो खरंच नुसता ढीग दिसत होता, पुरुषभर उंचीचा. माझे पाय थांबत नव्हते, पण नियम म्हणजे नियम. आम्ही बाहेरून फेरी मारली. उत्तरेकडून पश्चिमेकडे वळलो आणि मी बोलून गेलो.

"भिंत आहे."

मिनीबस मी धुवायची होती, पण कुणाचं लक्ष नव्हतं. ढिगाच्या मागच्या बाजूला, पडलेल्या दगडांतून, कमरेएवढ्या उंचीची वाकदार भिंत उभी होती. सुरेख रचलेली. एक दार. दाराच्या उजव्या हाताला एक छोटा कोनाडा. मी त्या दोघांना मिठ्याच मारल्या. खिशातून वही काढली, तारीख, वेळ, हवामान सगळं लिहिलं. अबू रीम मोबाइलवर फोटो काढायला लागले. तानाजीकाका मात्र भिंतीपुढे उकिडवे बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरची गंमत उतरली होती.

त्यांनी कोनाड्यात हात घातला. आतल्या बाजूंवरून तो फिरवला. मग दाराच्या चौकटीचा खालचा दगड पुसला आणि बाजूला सरकले, मला दिसावं म्हणून.

दगडावर छिन्नीने 'श्री' कोरलेलं होतं.

मी ते तीनदा वाचलं. मग काकांनी सांगितलं, हळूहळू, जणू त्यांचीच चूक असावी तसं. ही भिंत आपल्या माणसांची आहे. कोनाडा तंबाखूच्या डबीचा. देवरुख पट्ट्यातले गवंडी दाराच्या उजव्या हाताला सोडतातच. सांध्यात दगडाच्या चिपा बाहेरून ठोकल्यात, तीही आपलीच रीत. पंच्याऐंशीच्या सुमाराला हा पहिला डांबरी रस्ता झाला तेव्हा गावातले वीसेक जण इथे होते, त्यांचे चुलतेही. वाऱ्याने चूल पेटायची नाही म्हणून माळावर आडोसे बांधायचे, असं चुलते सांगत. हा त्यातलाच एक. आत बघितलं तर खरंच कोपरा धुराने काळा झालेला आणि एक गंजका डबा.

पाच हजार वर्षांवरून आम्ही तीस वर्षांवर आलो होतो. थडगं नव्हतं, स्वयंपाकघर होतं. मी वही मिटली.

अबू रीमना मात्र काहीच धक्का बसला नव्हता. हलबियाच्या तटातले दगड मेंढपाळांच्या वाड्यांत आहेत, ते म्हणाले. दुराच्या एका बुरुजाच्या आडोशाला त्यांनी स्वतः चहा उकळलाय. पडकी जागा म्हणजे कुणाचं ना कुणाचं स्वयंपाकघर असतंच. मग त्यांनी तानाजीकाकांना एक साधा प्रश्न विचारला. तुमच्या माणसांनी चुलीसाठी दगड किती लांबून आणले असतील?

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काय येडा प्रश्न.

"दिसभर दगड उचलल्याव चुलीसाटी कोन लांबनं आनील? चार पावलांवरचा उचलला आसंल."

म्हणजे इतके सारखे दगड आधीपासून इथेच होते. माझी वही पुन्हा उघडली गेली. आम्ही भिंतीच्या पायाकडची पडझड हातांनी नुसती बाजूला केली, खणलं काही नाही, आणि कमरेएवढ्या भिंतीच्या खाली, पण तिच्या बाहेर, दुसरी ओळ दिसली. मोठे दगड. तिचा वाक वेगळा होता.

आता माझं काम होतं. वाक डोळ्याने मोजायचा नसतो. काकांची लाइनदोरी बरोबर दोन मीटर ताणली, दोन्ही टोकं ओळीच्या बाहेरच्या कडेला टेकवली आणि मधोमध दोरी त्या कडेपासून किती आत पडते ते पट्टीने मोजलं. सोळा सेंटिमीटर. एवढ्यावरून अख्ख्या वर्तुळाची त्रिज्या निघते, शाळेतली भूमिती. तीन मीटर एकवीस. ढिगाच्या पूर्वेला आम्हाला तीच ओळ पुन्हा सापडली: तीन मीटर तीस. दक्षिणेला: पुन्हा तीन एकवीस. तिन्ही ठिकाणांहून आत माप घेतलं तर तिन्ही मध्य एका परातीत मावतील इतके जवळ आले. चुलीच्या भिंतीची त्रिज्या पावणेदोन मीटरही नव्हती, आणि तिचा मध्य मीटरभर बाजूला.

माझा आवाज चढला होता, मला ऐकू येत होतं. अबू रीमनी आकडे त्यांच्या वहीत स्वतः पुन्हा करून पाहिले, मास्तरांनी पाहावेत तसे, आणि माझ्या पानावर बरोबरची खूण केली.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला पहिल्या फेरीतच दिसायला हवी होती. झिलई. चुलीच्या भिंतीत काळे पृष्ठभाग कुठेही तोंड करून होते, काही आत, काही खाली, एक तर उलटा. पडलेले दगड उचलून नव्याने लावले की असंच होणार. खालच्या ओळीत मात्र प्रत्येक दगड बाहेरून काळा, आणि जिथे दुसरा दगड टेकतो तिथे कोरा. ते दगड लावल्यापासून कुणी हलवलेच नव्हते. काकांनी ओळंबा सोडला. दुसरा थर पहिल्यापेक्षा दोन बोटं आत.

"त्योच हाय," काका म्हणाले. "अल् ऐनवाला."

आम्ही पाण्याची बाटली फिरवली. दुपारचे साडेबारा वाजले होते आणि मला भूक, ऊन, काहीच लागत नव्हतं.

मग काकांनी मला बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं होतं की दाराचा तो दगड उलटा करून ठेवू. एका मिनिटाचं काम. उद्या सरकारी माणूस येणार, फोटो निघणार, आणि दिसणार काय, तर कोकणातल्या लोकांनी यांचं थडगं मोडून चूल मांडली. त्यात आपलं नाव, 'श्री'सकट. "तुजापन फायदाच हाय," ते म्हणाले. "थडग्याव मराटी बगितली तर तुजं कोन ऐकनार?"

हे खरं होतं. खरं सांगायचं तर ते बोलायच्या आधीच माझ्या मनात तो दगड उलटा झाला होता. 'श्री' नसेल तर माझा पुरावा फार सुबक दिसला असता. पण मी बुधवारीही एक सुबक शेरा लिहिला होता. आणि तो दगड हलवला असता तर आम्ही रचलेला एकही दगड हलवलेला नाही हे, आणि त्यावर उभं झिलईचं माझं सगळं म्हणणं, तिथेच खोटं पडलं असतं. मी काकांना एवढंच म्हणालो की तुमच्या लोकांनी त्या पायाला हात लावला नाही, त्याच्या आतच चूल उभी केली, म्हणून पाया राहिला. मी तर तीन दगड दळून मोकळा झालो. दोघांत मोठा गुन्हेगार कोण?

काकांनी दगड उलटवला नाही. मी पट्टी 'श्री'च्या शेजारी ठेवली आणि फोटो काढला.

हिलरी दुपारची झोप काढून उठला होता. ऑफिसात मी त्याला फोटो आणि आकडे दाखवले. त्याने 'श्री'चा फोटो बोटांनी मोठा केला.

"काय रे शास्त्रज्ञ, थडग्यातला माणूस देवरुखचा होता काय?"

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याच्या डोळ्यांपुढे उद्याचा रिकामा लोडर होता. शेवटी त्याने मला सोपा रस्ता सांगितला. दगड फेल लिही. भुकटी सतरा टक्के झाली तिथे पस्तीस कर. फेल झालेल्या ढिगाकडे कुणी बघत नाही, कुणाला फोन नाही, कटकट नाही. खलास.

तो माझं भलंच बघत होता. पण फेल झालेला दगड भरावाला चालतो. दुसऱ्या कुणीतरी महिन्याभरात उचलला असता. आणि तो दगड फेल नव्हता. मी आजवर तपासलेला तो सगळ्यात चांगला दगड होता.

मी नवा फॉर्म घेतला. चाचणीचा निकाल: सतरा टक्के. दर्जा: उत्तम. शिफारस: वापरू नये. शेऱ्यात जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला वर्तुळाची आकृती काढली, दोन्ही मध्य दाखवले, आणि लिहिलं: 'खालचे वर्तुळ प्राचीन बांधकाम असावे. वरची भिंत अंदाजे १९८५ची, रस्त्याच्या मराठी कामगारांनी बांधलेली. तीन दगड चाचणीत नष्ट झाले; जबाबदारी माझी.' सही केली.

हिलरीने तो दोन्ही बाजूंनी वाचला, कपाळाला हात लावला, आणि बोर्डावरच्या साताला काट मारून नऊ लिहिलं. मग स्वतःच फोन उचलून त्याच्या ओळखीतल्या इब्रीच्या कुणाला तरी अरबीत सांगायला लागला. मला त्यातलं थोडंच कळलं. एकदा 'मजनून', म्हणजे वेडा, ऐकू आलं, आणि तो माझ्याकडे बघत होता.

सोमवारी सकाळी वारसा खात्याचे अधिकारी आले. एकटेच, पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात, पायांत मात्र डोंगरात चालायचे बूट. आम्ही चौघं लाल-पांढऱ्या फितीच्या बाहेर उभे होतो. हिलरी 'फक्त बघायला' आला होता. सलाम-आलेकुम झालं, आणि ते काहीच न विचारता ढिगाच्या बाहेरून चालायला लागले. हळू, गप्प, हात पाठीमागे. अबू रीमनी माझ्या बरगडीत कोपर मारलं.

फेरी पुरी झाली. मग ते खालच्या ओळीशी बसले, बोटाने झिलईची कड चाचपली, माझ्या आकृतीचा कागद मागून घेतला आणि जमिनीवर अंथरून दोन्हीकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी मान वर केली. वर्तुळ जुनं आहे, ते इंग्रजीत म्हणाले, अल् ऐनच्याच काळातलं वाटतं. नीट तपासून नोंद करू. रस्ता लांबून जातोय ना? मग इथून एकही दगड हलायचा नाही.

मी उडी मारली नाही. हिलरीने मात्र माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की चष्मा खाली आला.

अधिकारी दाराशी गेले. खालच्या दगडावरची धूळ त्यांनी हळूच फुंकली, वाकून पाहिलं, आणि विचारलं की ही लिपी कुणाची.

मी तोंड उघडणार होतो. माझ्याकडे उत्तर तयार होतं, सनावळीसकट. पण तानाजीकाका फितीखालून वाकून पुढे गेले, पिशवीतला ओळंबा सावरत त्या दगडापाशी उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले,

"आमची."